दही लागत नाही, तार सुटते, पाणी सुटतं: दूधवाला बदलण्याआधी काय तपासावं

लिटरभर दुधाचं जवळजवळ किलोभर दही होतं. विरजणाचा चमचा आणि गॅसची पंधरा-वीस मिनिटं सोडली तर त्याला वेगळा खर्च नाही. फुल क्रीम दुधाचं दही टांगलं तर त्याच लिटरमधून साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का निघतो. दुकानातल्या भावाशी ताळा करून पाहिलात तर घरी विरजणं का परवडतं ते लगेच कळेल. पण आठवड्यातून दोनदा पातेलं बिघडलं की ही सगळी बचत मोरीत जाते.

बिघडलं की पहिला संशय दुधावर जातो. "हल्ली दूधच चांगलं येत नाही" म्हणून पिशवी बदलली जाते, दूधवाला बदलला जातो आणि दही मात्र तसंच राहतं. दोष बहुतेक वेळा तापमानात असतो, त्याखालोखाल विरजणात, मग भांड्यात. दुधाचा नंबर शेवटी लागतो. तपासायचंही त्याच क्रमाने, कारण पहिल्या चार-पाच गोष्टींना पैसे लागत नाहीत.

आधी लक्षण नीट बघा

सकाळी झाकण काढल्यावर यातलं काय दिसतं?

१. दूध जसंच्या तसं. वास दुधाचा, आंबटपणा नाही.
२. अर्धवट लागलेलं. वर पातळ, तळाशी विरजणाचा गोळा तसाच.
३. लागलंय, पण चमचा उचलला की भेंडी चिरताना सुटते तशी तार सुटते.
४. घट्ट आहे, पण कडेने हिरवट पाणी साचलंय.
५. रवाळ, दाणेदार. जिभेवर कणी लागते.
६. लागलंय छान, पण आंबटढाण. किंवा सकाळी गोड आणि दुसऱ्या दिवशी दात आंबवणारं.
७. कडवट.
८. पोटात भोकं, बुडबुडे, दारूसारखा किंवा शेणकट वास. वर गुलाबी, काळे किंवा हिरवे ठिपके.

आठव्या लक्षणाला तपासणी नाही. सगळं टाकून द्या आणि भांडं उकळून घ्या. बुरशीचा ठिपका चमच्याने काढून खालचं दही वापरण्यात अर्थ नसतो, तिचे धागे डोळ्याला दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. त्या दह्याचं विरजणही ठेवू नका.

मध्येच झाकण उघडून हलवता का?

दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटपणा वाढत गेला की एकमेकांना धरून जाळं विणतं. पीएच ४.६ च्या आसपास ते जाळं पक्कं होतं. त्याच्या आधीच्या तासाभरात कोणी पातेलं तिरकं करून "लागलं का" पाहिलं, ओट्यावरून फ्रिजवर सरकवलं, की जाळं तुटतं आणि अडकलेलं पाणी बाहेर पडतं. चौथं लक्षण बरेचदा एवढ्यानेच येतं. विरजण घातलं की पातेलं जिथे ठेवायचं तिथेच ठेवा. लागल्यावर न ढवळता तासभर फ्रिजमध्ये बसू द्या, मगच चमचा घाला.

थोडं पिवळसर-हिरवट पाणी सुटणं हा दोष नाही. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो. वाटीभर साचलं तर मात्र कारण शोधायचं.

दूध किती गरम होतं?

इथे सगळ्यात जास्त पातेली बिघडतात, म्हणून जरा थांबून बघू.

घरच्या विरजणात दोन स्वभावाचे जंतू असतात. एका टोळीला २५ ते ३० अंश मानवतात, यात लॅक्टोकोकस येतात. दुसरीला ४० ते ४५ अंश लागतात, यात स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस येतात. (हा दुसरा २०१२ मध्ये भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून निवडला गेला. वाघ आणि मोराच्या पंक्तीत दह्याचा जंतू बसलाय हे फारसं कोणाला माहीत नसतं.) तुम्ही दूध किती ऊन ठेवता आणि रात्रभर ते किती ऊन राहतं, यावरून कोणाची सरशी होणार ते ठरतं. चव, घट्टपणा आणि तार, सगळं त्यातूनच येतं.

पन्नास अंशांच्या वर विरजण घातलं तर पहिली टोळी मरायला लागते. साठला बहुतेक सगळाच खेळ संपतो आणि सकाळी पहिलं लक्षण हातात येतं. दूध पार थंडगार असलं, थंडीत १८-२० अंशांवर आलं, तर जंतू जिवंत राहतात पण आळसावतात.

मुंबई-कोकणात बाराही महिने ३८ ते ४० अंश पुरतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत ४२-४३ ठेवा, कारण रात्री स्वयंपाकघर गार पडतं आणि दूध तासा-दीड तासात कोमटाच्या खाली उतरतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते. तिथे दूध खोलीइतकं निवल्यावर विरजण घातलं तरी चालतं, फक्त तीन-चार तासांत उचलायला हवं.

थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवा. ऊन लागतंय, पण सावकाश दहा आकडे मोजता आले तर दूध चाळिशीच्या थोडं वर आहे. पाचाच्या आत बोट बाहेर आलं तर थांबा. काहीच जाणवलं नाही, ना ऊन ना गार, तर दूध अंगाइतकं, म्हणजे ३६-३७ वर आहे. उन्हाळ्यात ते ठीक, थंडीत कमी. बोट बुडवण्याआधी दूध ढवळायला विसरू नका. सायीखाली आणि तळाशी ते कडेपेक्षा बरंच गरम असतं.

काही शे रुपयांचा सळईवाला डिजिटल थर्मामीटर घेतलात तर तो खरा आहे ना हे एकदा बघा. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मुंबईला १००, पुण्याला साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, यंत्र बिघडलंय असं समजू नका.

रात्री पातेलं कुठे असतं?

विरजताना ४२ आणि पहाटे चारला २०, तर काय उपयोग? पातेलं ऊब धरणाऱ्या जागी हवं. तांदळाच्या किंवा कणकेच्या डब्यात पुरून ठेवायची जुनी रीत म्हणूनच चालते, धान्य आणि पीठ ऊब सोडत नाहीत. सगळ्यात सोपं आणि बिनखर्ची म्हणजे पोळ्यांचा कॅसरोल. उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवा, पाणी ओता, पुसा आणि दुधाचं भांडं आत ठेवा. किंवा कुकरमध्ये ४५ अंशांचं बोटभर पाणी घ्या, त्यात भांडं ठेवा, झाकण लावा आणि वर जुनी चादर गुंडाळा.

परदेशात १८-२० अंशांच्या घरात ओव्हनचा नुसता दिवा लावून आत भांडं ठेवतात. आधी पाण्याचं पातेलं ठेवून दोन तासांनी तापमान मोजा. काही ओव्हनचा दिवा तीसच्या वर नेत नाही, काहींचा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि मग पाचवं लक्षण येतं.

मातीचं भांडं उन्हाळ्यात उत्तम. पाणी शोषून घेतं, दही घट्ट होतं आणि बाहेरून बाष्प उडत असल्यामुळे आतलं गार राहून लवकर आंबत नाही. थंडीत त्याच गुणामुळे ते दही लागू देत नाही. डिसेंबरात स्टील घ्या.

विरजण किती आणि कसं घालता?

लिटरला उन्हाळ्यात एक चहाचा चमचा, थंडीत दोन. साधारण पाच ते पंधरा ग्रॅम. "लागत नाही म्हणून वाटीभर घातलं" हा उपाय उलटा पडतो. जास्त विरजण म्हणजे सुरुवातीलाच जास्त आम्ल आणि घाईघाईने विणलेलं जाळं. दही आंबट, रवाळ आणि पाणी सोडणारं होतं. चौथं, पाचवं आणि सहावं लक्षण एकत्र दिसलं तर आधी चमचा मोजा.

गोळा तसाच टाकला तर तो तळाशी बसतो आणि दुसरं लक्षण हजर. विरजण वाटीत घेऊन दोन चमचे कोमट दुधात गुठळी न राहता फेटा आणि मग पातेल्यात घालून तळापासून ढवळा. साय जाड असेल तर ती बाजूला करून खाली घाला. दोन भांड्यांतून तीन-चार वेळा वरखाली ओतलं तर आणखी चांगलं.

फ्रिजमधलं विरजण थेट घालू नका, अर्धा तास बाहेर ठेवा.

भांडं आणि चमचा

साबणाचा अंश राहिला की जंतू दबतात. मातीच्या भांड्यात हे हमखास होतं, कारण साबण छिद्रांत बसतो. ती नुसत्या गरम पाण्याने घासा आणि उन्हात वाळवा. स्टीलचं भांडं विरजण्याआधी उकळत्या पाण्याने विसळा. लोणच्याचा चमचा विरजणात जाऊ देऊ नका, त्यातून यीस्ट आणि बुरशी येतात.

पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल तर त्यात दही लावूच नका. आम्ल पितळेतल्या तांब्याला खातं, दही कळकतं, हिरवट छटा दिसते आणि असं दही पोटाला घातक असतं. ॲल्युमिनियमही टाळा. स्टील, काच, चिनी माती किंवा न रंगवलेली माती वापरा.

तार सुटत असेल तर

तिसऱ्या लक्षणाने लोक सगळ्यात जास्त बिचकतात, आणि तसं घाबरण्याचं कारण सहसा नसतं. काही जंतू दुधातल्या साखरेपासून चिकट, लांब साखळ्यांचे पदार्थ बनवून बाहेर सोडतात. कमी तापमानाला, म्हणजे वीस-पंचवीस अंशांवर रात्रभर रेंगाळलेल्या दुधात, हे जास्त होतं. म्हणून तारेचं दही थंडीत आणि पावसाळ्यात वाढतं. दुकानातल्या दह्याच्या विरजणातही असे जंतू मुद्दाम निवडलेले असू शकतात, कारण त्यांच्यामुळे दही पाणी सोडत नाही. ४२ अंशांवर ते शहाण्यासारखे वागतात, घरी २५ वर लावलं की तार काढतात. फिनलंडमध्ये 'व्हीली' नावाचं दही आवर्जून तारेचं करून खातात. आपल्याकडे पाहुण्यांपुढे ते ठेवता येत नाही, एवढाच फरक.

उपाय असा: त्याच विरजणाने तीन वेळा, ओळीने, दूध ४३ अंशांवर ठेवून आणि कॅसरोलमध्ये ऊब टिकवून दही लावा. चार ते पाच तासांत लागताच उचला. दरवेळी मधलं दही विरजणाला घ्या, वरची साय नको. उष्णता मानवणारी टोळी वरचढ होते आणि तिसऱ्या खेपेला तार बहुतेक जाते. नाही गेली तर विरजण बदला आणि भांडं, चमचा, झाकण दहा मिनिटं उकळा. झाकणाची कड विसरली जाते आणि जुने जंतू तिथूनच परत येतात.

वास चांगला आणि चव गोडसर-आंबट असेल तर तारेचं दही कढीत किंवा थालीपिठाच्या पिठात वापरा, रवीने घुसळलं की तार मोडते. तार आणि सोबत शेणकट किंवा कुबट वास असेल तर ते दुसऱ्याच जंतूंचं काम. टाकून द्या.

विरजण म्हातारं झालंय का?

फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस पडलेलं आंबटढाण विरजण म्हणजे जंतू कमी आणि आम्ल जास्त. आदल्या दिवशीचं, लागताच बाजूला काढलेलं दही सर्वात चांगलं. पूर्ण आंबट व्हायच्या आधीच्या अदमुऱ्या दह्याचे दोन-तीन चमचे वेगळ्या छोट्या डबीत काढून ठेवायची सवय लावा. रोजच्या पातेल्यातून शेवटचं खरवडून घेऊ नका.

राखीव म्हणून ताज्या दह्याचे चमचे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. महिनाभर चांगले चालतात. वापरताना एक खडा वितळवून लिटरऐवजी पाव लिटर दुधात लावा, त्याला दोन तास जास्त द्या आणि ते लागलेलं दही खरं विरजण म्हणून घ्या.

नवं विरजण आणायचं तर सगळ्यात लहान, साध्या दह्याचा कप आणा. घटकांच्या यादीत दूध आणि जिवंत कल्चर एवढंच असावं. लागल्यावर पुन्हा तापवलेलं, गोड किंवा स्वादाचं दही विरजणाला निरुपयोगी. हिरव्या मिरचीच्या देठांनी दही लागतं हे खरं, त्यांच्यावर दुधाला आंबवणारे जंतू असतात. पण कोणते जंतू येतील यावर आपला ताबा नसतो. पहिल्या खेपेचं दही खायला न घेता त्याचं विरजण करून दोनदा फिरवावं लागतं. दहा-वीस रुपयांचा कप मिळत असताना देठ अडीअडचणीलाच ठेवा.

दूध किती तापवलं होतं?

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणून नुसतं कोमट करून विरजणारे बरेच आहेत. दही लागतं, पण ढिलं लागतं आणि पाणी सोडतं. दुधात केसीनखेरीज निवळीतली, म्हणजे दही सोडतं त्या पाण्यातली, प्रथिनं असतात. दूध ८५-९० अंशांवर काही वेळ राहिलं की ती उलगडून केसीनला चिकटतात आणि जाळं दाट होतं. पाश्चरायझेशन ७२ अंशांवर पंधरा सेकंदांचं असतं, तेवढ्याने हे घडत नाही.

पहिली उकळी आल्यावर गॅस बारीक करा आणि ढवळत आठ-दहा मिनिटं दूध तसंच ठेवा. एवढ्या एका बदलाने चौथं लक्षण बऱ्याच घरांत सुटेल. नंतर भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा.

दूध कुठलं घेतलंय तेही बघा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के आणि बाकी घन पदार्थ ८.५ टक्के, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. टोन्ड घेऊन कवडीसारखं दही मागणं म्हणजे दुधावर अन्याय. स्वस्तात घट्ट हवं असेल तर लिटर टोन्ड दुधात दोन मोठे चमचे, साधारण वीस ग्रॅम, साधी दूध पावडर गार दुधात कालवून मग तापवा. घन पदार्थ जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतात. कागदी खोक्यातल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या दुधाचं दही मऊच लागतं, त्याला पावडरीचा आधार लागतो.

दही कडवट असेल तर दूध विरजण्याआधी किती दिवस फ्रिजमध्ये होतं ते आठवा. थंडीतही वाढणारे जंतू प्रथिनं तोडतात आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. तीन दिवसांचं दूध उकळलं तरी तो कडूपणा जात नाही.

चार वाट्यांची चाचणी

इथपर्यंत येऊनही दही लागत नसेल तर अंदाज पुरे. एकाच दिवशी दूध आणि विरजण दोन्ही बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

दोन दुधं घ्या: नेहमीचं आणि दुसऱ्या कंपनीची सीलबंद पिशवी. दोन विरजणं घ्या: घरचं आणि नवा कप. दुधं वेगवेगळ्या भांड्यांत सारखीच उकळा. चार वाट्यांत प्रत्येकी शंभर मिली दूध ४२ अंशांवर घ्या, प्रत्येकीत अर्धा चहाचा चमचा विरजण फेटून घाला, आणि प्रत्येक विरजणाला वेगळा चमचा वापरा. वाट्यांवर चिकटपट्टी लावून लिहा: दू१-वि१, दू१-वि२, दू२-वि१, दू२-वि२. चारही वाट्या एकाच कॅसरोलमध्ये, ४३ अंशांच्या पाण्यात अर्ध्यापर्यंत बुडवून ठेवा. सहा तास हात लावू नका.

चारही लागल्या तर दूध आणि विरजण दोघं निर्दोष, तुमच्या रात्रीच्या जागेचा किंवा तापमानाचा दोष. वि१ च्या दोन्ही राहिल्या तर घरचं विरजण मेलंय. दू१ च्या दोन्ही राहिल्या तर आता दुधाकडे वळायला हरकत नाही. चारही राहिल्या तर थर्मामीटर किंवा वाट्यांचा साबण तपासून पुन्हा करा.

दू१ राहिलं की आणखी एक वाटी: त्याच दुधात उकळल्यावर लिंबाचा रस पिळा. छान फाटून पनीर झालं, तरी दही मात्र लागत नाही? पनीरला नुसतं आम्ल लागतं, दह्याला जिवंत जंतू लागतात. दूध फाटतं पण लागत नाही, याचा अर्थ त्यात जंतूंना रोखणारं काहीतरी असू शकतं. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश किंवा टिकवण्यासाठी घातलेलं रसायन. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस पेनिसिलिनच्या अगदी किंचित अंशानेही अडतो. "पनीर झालं ना, मग दूध चांगलंय" म्हणून ते दूध वापरू नका.

पाणी घातलेल्या दुधाची घरगुती खूण अशी: तिरप्या धरलेल्या गुळगुळीत ताटलीवर एक थेंब सोडा. चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी घातलेलं खूण न ठेवता झरकन जातं. पिष्टासाठी उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर पिठूळ भेसळ. सोडा आणि फॉर्मॅलिनच्या चाचण्यांना रसायनं लागतात. तीव्र आम्ल आणून स्वयंपाकघरात ते प्रयोग करू नका.

दही चांगलं लागतं, पण दुसऱ्या दिवशी आंबट

मग दोष फ्रिजचा असू शकतो. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवून सकाळी मोजा. ४-५ अंश हवं. ८ च्या वर असेल तर दही आंबत राहणार. आधी नियंत्रक फिरवा, मागची धूळ झाडा आणि दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. नोट अडखळत न येता सहज सरकली तर रबर ढिलं झालंय.

चक्का आंबट होतो तो याच कारणाने. पुरचुंडी नळाला टांगून रात्रभर उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. फडकं उकळून पिळून घ्या, दही चाळणीत बांधा, खाली पातेलं ठेवून सगळं फ्रिजमध्ये आठ-दहा तास. गळणारं पाणी स्वच्छ, हिरवट हवं. पांढरं दुधाळ येत असेल तर दही पूर्ण लागायच्या आधीच बांधलंय. ते पाणी भाकरीच्या किंवा थालीपिठाच्या पिठात जिरवा.

अर्धवट लागलेलं वाचवता येतं?

पाच-सहा तास झाले, दूध पातळ आहे पण वास चांगला आहे, तर भांडं ४४-४५ अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवा. विरजण फार गरम दुधात घातल्याचं लगेच लक्षात आलं तर दूध ४२ वर आणून नवं विरजण घाला.

रात्रभर, आठ-दहा तास, ऊबेत राहिलं आणि जराही आंबट झालं नाही, असं दूध टाका. उकळून चहाला वापरू नका. आम्लाचं संरक्षण नसलेल्या कोमट दुधात स्टॅफिलोकोकससारखे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष उकळूनही जात नाही. लिटरभर दुधाची हळहळ वाटते, पण ही काटकसर नव्हे.

इथे थांबा, माहितगाराला बोलवा

फ्रिज झाडूनपुसूनही आठच्या खाली येत नसेल तर मेकॅनिक. गॅसची नळी आणि कॉम्प्रेसर हे घरी उघडायचं काम नाही.

घरची गाय-म्हैस असेल आणि दूध खारट लागतं, तापवताना फाटतं, किंवा काळ्या कापडावर काढलेल्या पहिल्या धारांत गुठळ्या-पापुद्रे दिसतात, तर तो कासदाह असू शकतो. बोलीत याला दगडी म्हणतात. सड कडक किंवा गरम लागला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. इंजेक्शन किंवा सडातली नळी दिल्यावर किती दिवसांचं दूध वापरायचं नाही हे त्यांच्याकडून लिहून घ्या. ते दूध विकायचंही नाही आणि विरजायचंही नाही. नुकत्याच व्यायलेल्या जनावराचं दूध तापवताना फाटणं वेगळं, तो चीक असतो, त्याचा खरवस करा.

चार वाट्यांत दूध दोनदा दोषी ठरलं, किंवा आयोडीनने निळं झालं, तर दूधवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवरूनही ती करता येते. स्वतः तपासून घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत आधी फोन करून किती मिली आणि कशा बाटलीत हवं ते विचारा. दूध न उकळता, स्वच्छ कोरड्या बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पिशवीचं असेल तर बॅच क्रमांक असलेला प्लास्टिकचा तुकडा फेकू नका.

दही खाल्ल्यावर ताप, रक्ताचे जुलाब किंवा न थांबणारी उलटी असेल, किंवा गरोदर बाई, तान्हं मूल, वयस्कर माणूस यांना त्रास होत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. त्या पातेल्यातलं चमचाभर दही बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा, विचारलं तर दाखवता येईल.